ओंडका ते फळी: घरी बनवलेल्या चेनसॉ मिलवर लाकूड चिरताना क्रम कसा ठेवावा

'मिल बनवली, चेनसॉ चांगला आहे, पण फळी एका टोकाला सव्वा इंच निघते आणि दुसऱ्या टोकाला पावणेदोन.' ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की आता समोरच्याला अर्ध्यात थांबवून विचारतो, पहिला छेद कशावर ठेवून घेतलात? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: 'घरातली एक फळी ठोकली होती वर, दिसायला सरळ होती.'

सगळी गोम इथे आहे. चेनसॉ मिल म्हणजे चेनसॉला धरून ओंडक्यावरून सरकणारी चौकट, तिने ओंडक्याच्या फळ्या चिरायच्या. ही चौकट स्वतः काहीही सरळ करत नाही. ती ज्यावर सरकते, त्याची नक्कल खाली लाकडात उतरवते. वर पीळ असेल तर खाली पीळ, वर पोक असेल तर खाली पोक. पहिल्या छेदात आलेला दोष मग प्रत्येक फळीत उतरत जातो. त्यामुळे या कामात यंत्र चालू असण्याचा वेळ सगळ्यात कमी आणि मोजण्या-बसवण्याचा सगळ्यात जास्त असायला हवा. माझा हिशोब असा: एका ओंडक्याला दिवस दिला, तर दुपारच्या जेवणापर्यंत चेनसॉला हातही लावायचा नाही.

उदाहरणासाठी ओंडका धरू फणसाचा, १८ इंच व्यासाचा, ८ फूट लांब. रायगड आणि उत्तर रत्नागिरीत ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर असे ओंडके परसात लोळत पडले होते, आणि त्यांतल्या बऱ्याच ओंडक्यांचं शेवटी सरपणच झालं.

आधी कागद

झाड तुमच्या मालकीचं असलं तरी परवानगीचा प्रश्न सुटत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, आईन, किंजळ, जांभूळ, चिंच, खैर ही झाडं आहेत. म्हणजे परसातली बहुतेक कामाची झाडं आलीच. उभं झाड तोडायचं तर आधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी. वादळात पडलेलं असेल तर जागेवरच फोटो काढा, पडल्याची नोंद करून घ्या, मगच करवत लावा. लाकूड रस्त्यावरून न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याचं आधी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. सॉ मिलला वनखात्याचा परवाना लागतो. तुम्ही स्वतःचा ओंडका स्वतःच्या घरासाठी चिरणार असलात तरी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. 'शेजाऱ्यांचेही दोन ओंडके चिरून देतो, पेट्रोलचे पैसे घेईन' हा विचार तर डोक्यात आणूच नका, तो सरळ धंदा झाला.

१. यंत्र पुरेसं आहे का

उभं, म्हणजे ओंडक्याच्या लांबीने, चिरणं हे आडवं कापण्यापेक्षा वेगळं काम आहे. फांदी कापताना यंत्राला अर्धा मिनिट जोर लागतो. इथे दहा-पंधरा मिनिटं सलग पूर्ण थ्रॉटल. ३५-४० सीसीचा बागेतला चेनसॉ यात जळतो. १२-१४ इंच रुंदीपर्यंत ६० सीसीच्या आसपासचं यंत्र सावकाश का होईना पण ओढतं, १८ इंचांना ७० च्या वर हवं, आणि दोन फुटांच्या पुढे ९० सीसी असलं तरच सुख.

बारची (चेन ज्याभोवती फिरते त्या लांब पात्याची) लांबी मोजताना फसगत होते. २२ इंची बारवर चौकटीच्या दोन पकडी बसल्या की हातात १७-१८ इंचच उरतात. म्हणजे आपल्या १८ इंची ओंडक्याला, साल धरून, २२ चा बार काठावर आहे. एक तर २४-२५ इंचांचा बार बसवा (यंत्र ओढणार असेल तर), नाही तर दोन्ही बाजूंनी साल कुऱ्हाडीने तासून घ्या. मी दुसरं करतो.

इंधन: पेट्रोल आणि टू-स्ट्रोक ऑइलचं प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत असेल तेच. स्वस्त यंत्रांवर बहुधा २५:१ लिहिलेलं असतं, तिथे ५०:१ घालून तेल वाचवू नका. कार्बोरेटर किंचित रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) ठेवा, म्हणजे बिनभाराचं पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आवाज थोडा फडफडता यायला हवा. कर्कश, ताणलेला आवाज येत असेल तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे आणि पिस्टनचे दिवस भरले आहेत. प्लग काढून बघा: तपकिरी ठीक, पांढराफटक असेल तर थांबा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून मिश्रण त्या-त्या दिवसापुरतंच करायचं आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करायची.

२. चौकट बनवताना

फॅब्रिकेशनवाल्याकडे जायच्या आधी कागदावर काढून न्या. 'मोबाईलवर बघून कर' म्हणालात तर तो गेटसारखी भक्कम आणि गेटसारखीच जड चौकट करून देईल. सहा-सात किलोच्या वर गेली तर दिवसभर ढकलता येत नाही.

माझी चौकट अशी आहे. एक इंची (२५ मिमी) चौकोनी एमएस (माइल्ड स्टील) पाइपच्या दोन रेल, बारच्या लांबीच्या, एकमेकींपासून ८-९ इंचांवर, दोन आडव्या तुकड्यांनी जोडलेल्या. दोन्ही टोकांना ३० मिमी चौकोनी, २ मिमी जाडीच्या पाइपचा उभा तुकडा वेल्ड केलेला, निदान ४ इंच उंच. त्याच्या आत २५ मिमीचा पाय वर-खाली सरकतो. आत जेमतेम एक मिमी खेळ राहतो, आणि तो प्रत्येक पायाला दोन बोल्ट लावून मारता येतो. गोल दांडा वापरू नका, तो फिरतो आणि बार तिरका होतो. पायाच्या तळाशी ६ मिमी पट्टीची इंग्रजी सी अक्षरासारखी पकड असते, ती बारला वरून-खालून धरते. चेन त्या सीच्या पोकळीतून मोकळी जायला हवी, चहूबाजूंनी निदान १० मिमी अंतर.

पकड कुठे बसते यावर सगळं अवलंबून आहे. बारच्या टोकाला जे छोटं चाक असतं, त्याच्या रिव्हेटच्या मागे पकड बसवा. चाकावर दाब आला तर ते तासाभरात जाम होतं. यंत्राच्या बाजूची पकड शक्य तितकी इंजिनजवळ हवी, त्यासाठी यंत्राच्या पुढचे लोखंडी दात (चेनचे नव्हेत) काढून ठेवा. बारच्या कडेची खाच पकडीत दाबली जाऊ नये. बारला भोक पाडून बोल्ट घालणारेही आहेत, पण बार दोन-तीन पत्र्यांचा जोडलेला असेल तर भोकाजवळ तो उमलतो. मला ते पटत नाही.

रेलच्या पुढच्या कडा घासून गोल करा आणि तळाला मेणबत्ती चोळा. अर्धा जोर वाचतो.

*तपासा:* बार पकडीत आवळल्यावर चेन हाताने (हातमोजा घालून, स्विच बंद ठेवून) फिरवा, अडखळता कामा नये. मग रेलच्या तळापासून बारपर्यंतचं अंतर चार ठिकाणी मोजा: इंजिनकडे पुढची कड, इंजिनकडे मागची कड, टोकाकडे पुढची, टोकाकडे मागची. एक मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका. पुढची आणि मागची कड वेगळी आली तर बार छेदात खाली बुडत जातो किंवा वर चढत जातो, आणि माणूस चेनला दोष देत बसतो.

३. चेन

दुकानातून येणारी चेन आडव्या छेदाची असते, दाताच्या वरच्या पात्याचा कोन २५ ते ३५ अंश. उभ्या छेदाला तो १० अंशांपर्यंत आणावा लागतो, म्हणजे कानस जवळजवळ बारला काटकोनात. एकदम सगळं घासून टाकायची गरज नाही, जुनी चेन असेल तर तीन-चार धार लावण्यांत कोन उतरवत आणा. कानस चेनच्या मापाची हवी (पिच म्हणजे चेनच्या दुव्यांमधल्या अंतराचं माप): ३/८ पिचला ५.२ किंवा ५.५ मिमी (चेनच्या पाकिटावर असेल ती), .३२५ ला ४.८ मिमी.

दातापुढचा छोटा उंचवटा दात किती खोल जाईल हे ठरवतो. तो दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली ठेवा. 'जास्त घासला की पटापट कापेल' म्हणून एक मिमीच्या पुढे नेणारे बरेच आहेत. मग चेन लाकूड हिसकते, यंत्र थांबतं, क्लच जळतो.

डाव्या आणि उजव्या दातांची लांबी सारखी हवी. आपला हात एका बाजूला जड असतो, त्यामुळे एका बाजूचे दात जास्त घासले जातात आणि बार छेदात त्या फरकाने भरकटतो. स्वस्त व्हर्निअर (मिमीच्या अंशांत मोजणारं सरकतं माप) घ्या आणि प्रत्येक बाजूचे चार दात मोजा.

धार कधी लावायची? भुसा बघा. रव्यासारखा पडतोय तोवर ठीक. मैद्यासारखा पडायला लागला, किंवा छेदातून धूर आला, की थांबायचं, 'एवढी फळी होऊ दे' म्हणायचं नाही. फणसाला मी दर दोन फळ्यांनी कानस फिरवतो, सागाला प्रत्येक फळीनंतर, कारण सागात सिलिका असते आणि ती धार खाते.

चेनचं तेल चेनचंच वापरा. गॅरेजमधलं जळकं ऑइल पंप तुंबवतं आणि फळीवर काळे पट्टे ओढतं, ते रंध्यानेही पुरते जात नाहीत. बार २४ इंचांच्या वर असेल तर टोकाला तेल पोचत नाही. तिथे सलाईनची रिकामी बाटली चौकटीला बांधून तिची नळी टोकापर्यंत न्या, सेकंदाला एखादा थेंब पुरतो.

४. ओंडका

वजनाचा अंदाज आधी घ्या. १८ इंच व्यास, ८ फूट लांब, ओलं लाकूड: साधारण ४०० किलो. घनफुटांचा आपला नेहमीचा हिशोब, घेर ५६ इंच, त्याचा पाव १४, म्हणून १४ × १४ × ८ ÷ १४४ = जवळजवळ ११ घनफूट. पहारी, रोलर म्हणून पाइपचे तुकडे आणि दोन माणसं. एकट्याने ओंडका हलवायचा नाही आणि एकट्याने मिलही चालवायची नाही.

*सावध:* वादळात मुळांसकट उपटलेल्या झाडाचं बूड खोड कापताच उलटं उभं राहू शकतं. त्या मागे किंवा खाली कुणी नको. ते कापणं ही स्वतंत्र विद्या आहे, ती येणाऱ्या माणसालाच बोलवा.

कुठला ओंडका टाळायचा? कलून वाढलेल्या झाडाचा, आणि मोठ्या आडव्या फांदीचा. असल्या लाकडात ताण भरलेला असतो. छेद घेता घेता फळी धनुष्यासारखी वर येते किंवा बार चिमटते. सालीवरच्या रेषा खोडाभोवती गोल फिरत गेलेल्या दिसल्या तर आत नसही (लाकडाच्या धाग्यांची दिशा) पिळाची आहे, फळी कितीही सरळ कापा, वाळताना पीळ घेणारच.

लोखंड शोधा. कुंपणाला लागून असलेलं झाड म्हणजे आत काटेरी तार, अंगणातलं म्हणजे कपड्यांच्या दोरीचे खिळे, गोठ्याजवळचं म्हणजे दाव्याची कडी. ओंडक्याच्या टोकावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असंच समजा. साधा हाती मेटल डिटेक्टर चेनपेक्षा फार महाग नसतो. एकदा कंटाळा करून डिटेक्टर न फिरवता सुरुवात केली आणि आंब्याच्या पोटात चार इंची खिळा भेटला. नवी चेन, पहिलाच छेद, वीस-बावीस दात बोथट.

मग साफसफाई. जांभ्याची माती सालीत बसलेली असते आणि ती कानसेसारखीच काम करते. ताराच्या ब्रशने घासा, पाण्याने धुवा. फणसाची साल तर काढूनच टाका, तिचा चीक चेनमध्ये बसतो. पूर्ण सोलायचा कंटाळा असेल तर निदान जिथून बार आत शिरणार त्या रेषेवरची साल तासा.

झाड आडवं झालं त्याच दिवशी ओंडक्याची दोन्ही टोकं ऑइल पेंटचे दोन जाड हात देऊन बंद करा. टोकातून पाणी सगळ्यात वेगाने जातं आणि भेगा तिथून सुरू होतात. ओंडका हव्या त्या मापापेक्षा निदान ६ इंच लांब ठेवा. फणस, साग काही आठवडे थांबतात. आंबा थांबत नाही, पंधरवड्यात निळा-काळा पडतो आणि भुंगा शिरतो.

५. ओंडका बसवणं

जमिनीपासून निदान फूटभर वर, दोन आडव्या वाशांवर. वाशांना खाच पाडा आणि दोन्ही बाजूंनी पाचरी मारा, लाथ मारली तरी ओंडका हलता कामा नये. ज्या टोकाकडून सुरुवात करणार ते टोक ६-८ इंच उंच ठेवा, म्हणजे मिल उतारावर स्वतःच्या वजनाने पुढे जाते आणि आपण फक्त सोबत चालतो. हे न करणारे संध्याकाळी कंबर धरून बसतात.

वारा कुठून येतो ते बघा. धूर आणि भुसा तुमच्या तोंडावर येणार नाही अशी दिशा निवडा. चालण्याच्या पट्ट्यातले दगड, मुळं, फांद्या उचला: तुम्ही पुढे बघणार आहात, पायाखाली नाही.

६. पहिला छेद

इथे घाई केली तर वर लिहिलेलं सगळं फुकट.

आधी पटरी लागते, म्हणजे गोल ओंडक्यावर चौकट सरकायला एक सरळ वाट. सरळ ॲल्युमिनियमची शिडी चालते. माझी पटरी ५० × २५ मिमी एमएस पाइपच्या दोन लांब नळ्यांची आहे, चार ठिकाणी आडवे तुकडे बोल्टने जोडलेले. दुकानात पाइप एका टोकाला डोळा लावून निवडा, दहातले तीन वाकडे असतात. पटरी ओंडक्यापेक्षा दोन्हीकडे निदान एक फूट जास्त लांब हवी. आपल्या ८ फुटी ओंडक्याला १० फुटी. तोकडी पटरी असली की सुरुवातीला आणि शेवटी चौकट झुकते आणि फळीच्या टोकाला खड्डा पडतो.

क्रम असा:

(अ) ओंडक्याच्या दोन्ही टोकांवर गाभ्याचा मध्य शोधून खूण करा.

(आ) प्रत्येक टोकावर एक आडवी पट्टी स्क्रूने बसवा, तिची वरची कड ओंडक्याच्या वर थोडी आलेली. पाणसळ लावून ही कड आडवी समतल करा. ओंडका उतारावर आहे, त्याचं काही नाही. पण दोन्ही टोकांच्या पट्ट्यांवर बुडबुडा अगदी एकाच जागी हवा. फळीला पीळ पडणार की नाही, ते या दोन बुडबुड्यांत ठरतं.

(इ) गाभ्याच्या खुणेपासून पट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही टोकांना सारखं करा. ओंडका एका टोकाला निमुळता असतो, सालीवरून मोजलंत तर छेद गाभ्याला तिरका जातो.

(ई) पटरी पट्ट्यांवर ठेवून स्क्रूने आवळा. मध्ये ती लोंबत असेल तर ओंडका आणि पटरी यांच्यामध्ये पाचरी सरकवा, पण वर उचलली जाईल इतक्या नाही. पटरीच्या लांबीवर दोरी ताणून खात्री करा.

(उ) आता पीळ बघा. सारख्या रुंदीच्या दोन सरळ पट्ट्या पटरीच्या दोन टोकांवर आडव्या, कडेवर उभ्या ठेवा. एका टोकाला वाकून डोळा लावा. जवळच्या पट्टीच्या वरच्या कडेमागे लांबची कड समांतर दिसायला हवी. एका बाजूने डोकावत असेल तर पीळ आहे. पाणसळीवर विसंबून मी हे एकदा गाळलं होतं. टोकाच्या पट्टीचा एक स्क्रू ढिला होता आणि मला पंख्याच्या पात्यासारख्या सहा फळ्या मिळाल्या.

(ऊ) खोली ठरवा. १८ इंची ओंडक्यावर सर्वात उंच जागेपासून २ इंच खाली छेद घेतला तर साधारण ११ इंच रुंदीचा सपाट भाग मिळतो, पुढच्या फळ्यांना चौकट टेकायला तेवढा पुरतो. पटरीच्या वरच्या कडेपासून खोली मोजताना पटरीची जाडी आणि तिच्याखालची जागा धरायला विसरू नका.

*सावध:* टोकाच्या पट्ट्या आणि त्यांचे स्क्रू छेदाच्या रेषेपासून निदान एक इंच वर आहेत ना? चेन टोकातून आत शिरते तेव्हा पट्टीचा खालचा भाग आणि स्क्रू तिच्या वाटेत असू शकतात. चेनची निम्मी गाऱ्हाणी ओंडक्यातल्या नाही, आपणच मारलेल्या लोखंडाची असतात.

मग कपडे: बूट जाड चामड्याचे, कानाला मफ (नुसता कापूस चालत नाही), डोळ्यांना बंद चष्मा, नाकाला मास्क. लुंगी, पंचा, गळ्यातला रुमाल, सैल बाही काहीही नको. दुसरा माणूस चेनच्या रेषेत उभा राहणार नाही हे त्याला बजावा. तुटलेली चेन त्या रेषेतच फेकली जाते.

टाकी आणि तेल पूर्ण भरा, छेद अर्ध्यात थांबवायला लागू नये. चौकट पटरीवर ठेवा, वजन पुढच्या भागावर. चेनला पूर्ण वेग येऊ द्या, मगच लाकडाला लावा. आत शिरताना घाई नको. पूर्ण बार आत गेला की चालीत या: जोर हातांचा नाही, शरीराचा, आणि तोही इंजिनचा आवाज पडणार नाही इतकाच. १८ इंच रुंदीला ८ फूट जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पाच मिनिटांत पुरं करण्याच्या नादात फळीवर लाटा उमटतात.

फूट-दीड फूट पुढे गेल्यावर जोडीदाराने मागून छेदात पाचर सरकवायची, पुढे दर दोन फुटांवर एक. पाचर सुक्या लाकडाची किंवा प्लॅस्टिकची, लोखंडाची कधीच नाही. हलक्या हाताने, फळी बारवर बसू नये इतकीच. थ्रॉटल दोरीने किंवा टायने बांधून टाकायची युक्ती सर्रास दिसते. करू नका, चेन अडकली की बोट सोडणं हाच पहिला बचाव आहे.

टोक बाहेर यायला सहा इंच उरले की वेग कमी करा, वजन चौकटीच्या मागच्या भागावर घ्या. बाहेर आल्यावर यंत्र लगेच बंद नको. मिनिटभर मंद चालू द्या, तापलेला सिलिंडर थंड हवेवर निवतो.

*तपासा:* वरचा सालीचा तुकडा उचला, भुसा झाडा. त्याच दोन पट्ट्या आता कापलेल्या पृष्ठभागावर ठेवून पुन्हा डोळा लावा, मध्ये दोरी ताणा. दोन मिमीपर्यंतचा दोष रंध्याचं काम आहे. त्याहून जास्त असेल तर मन घट्ट करा आणि पटरी परत बसवून अर्धा-पाऊण इंच पुन्हा उतरवा.

७. पुढच्या फळ्या

पटरी बाजूला ठेवा. आता चौकट थेट कापलेल्या पृष्ठभागावर सरकेल. सुरुवातीला आणि शेवटाला आधार हवा म्हणून दोन्ही टोकांना फूटभराची फळी पृष्ठभागाच्या पातळीत ठोका (स्क्रू कुठे येतो ते परत बघा).

जाडीचा हिशोब. वाळल्यावर आणि रंधल्यावर एक इंच हवी तर सव्वा इंच कापा. छेद स्वतः ८-९ मिमी खातो, म्हणजे जवळजवळ तीन अष्टमांश इंच. आपल्या ओंडक्यात वरचा-खालचा भाग सोडून १४ इंच कामाचे धरले तर ८ फळ्यांना १३ इंच लागतात: १० इंच लाकूड, ३ इंच भुसा. तेच सव्वादोन इंची पाट काढले तर ५ निघतात आणि भुसा २ इंचांच्याही आत राहतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. टेबलाचे, ओट्याचे, बाकाचे जाड पाट काढायला ही मिल उत्तम. पाऊण इंची फळ्यांचा ढीग हवा असेल तर ओंडका परवानाधारक सॉ मिलवर न्या, पातळ पट्ट्याच्या करवतीवर तुमचं लाकूड वाचेल.

जाडी लावताना रेलच्या तळापासून चेनच्या वरच्या दातापर्यंत मोजा, बारपर्यंत नाही. बारपर्यंत मोजलं की प्रत्येक फळी दोन-तीन मिमी पातळ येते आणि चूक सापडत नाही. दोन्ही पायांचे बोल्ट प्रत्येक छेदाआधी आवळा, कंपाने ते सुटतात. दर तिसऱ्या फळीनंतर दोरी आणि पट्ट्यांची तपासणी पुन्हा करा.

गाभा येईल तिथे विचार करून कापा. ज्या फळीच्या मधोमध गाभा असतो ती वाळताना मधून फाटते, नेहमीच. एक तर गाभा छेदाच्या भुशात जाईल असं जमवा, किंवा तो ३ इंचांच्या एका पाटात कोंडा आणि नंतर मधून चिरून दोन अरुंद फळ्या करा. ओंडका ताणाचा आहे असं वाटलं (फळी सुटताच टोक वर उचललं गेलं) तर दोन-तीन फळ्यांनंतर ओंडका उलटा करून दुसऱ्या बाजूने कापा. मात्र उलटा केल्यावर पटरीसकट पहिला छेद परत आला.

संध्याकाळी चेन ढिली करून ठेवा. गरम असताना ताणलेली चेन थंड होऊन आखडते आणि क्रँकच्या बेअरिंगला ओढते.

८. थर लावणं आणि वाळवणं

मी बघितलेल्या फळ्यांत, करवतीने बिघडलेल्यांपेक्षा थर चुकीचा लावल्याने बिघडलेल्या जास्त आहेत. फळ्या भिंतीला तिरक्या टेकवून ठेवल्या, आठ दिवसांत कमान.

जांभ्याचे चिरे मांडून दीड फूट उंच बैठक करा, वर सारख्या जाडीचे वासे. वाशांवर परत त्याच दोन पट्ट्या ठेवून डोळा लावा. थरही नक्कल करतो: खालच्या वाशांना पीळ असेल तर वाळलेल्या फळ्यांत तो कायमचा बसतो. चिऱ्यांना वाळवीचं औषध लावा.

प्रत्येक थरामध्ये एक इंची चौरस पट्ट्या, दीड ते दोन फुटांवर, आणि सगळ्या थरांतल्या पट्ट्या एकाच उभ्या ओळीत. त्याच ओंडक्यातून ओल्या पट्ट्या काढून वापरू नका, त्यांचे डाग फळीत उतरतात. अगदी टोकालाही एक पट्टी हवी. सगळ्यात वर चिऱ्यांचं वजन.

वर पत्रा, बाजू उघड्या. प्लॅस्टिक गुंडाळलं की आत बुरशी, उघड्या उन्हात ठेवलं की वरून भेगा. वारा हवा, ऊन नको. कामाला योग्य काळ डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे पावसाआधी तीन-चार महिने कोरडे मिळतात. मेअखेर थर आतल्या पडवीत हलवा.

आंबा किंवा कुठलंही पांढरं, मऊ लाकूड असेल तर थर लावायच्या आधी, कापल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात बुडवा: १०० लिटर कोमट पाण्याला ६ किलो बोरॅक्स आणि ४ किलो बोरिक ॲसिड. मग दोन-तीन आठवडे फळ्या एकावर एक, पट्ट्यांशिवाय, प्लॅस्टिकखाली झाकून ठेवा म्हणजे औषध आत मुरतं. प्लॅस्टिक चालतं ते एवढ्याच काळात. त्यानंतर पट्ट्या घालून थर. हातमोजे घाला आणि ते पाणी विहिरीच्या बाजूला ओतू नका. पावसात उघड्यावर राहणाऱ्या वस्तूला याचा उपयोग नाही, ते धुपून जातं.

वाळलं कधी समजायचं? इंचाला एक वर्ष हा जुना अंदाज आहे, जाड पाटाला त्याहून जास्त लागू शकतं. अंदाजावर सोडायचं नसेल तर फळी कापतानाच अर्ध्या फुटाचा तुकडा काढा, त्याची टोकं रंगवा आणि थराच्या मधोमध ठेवा. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून तारखेसह त्याच तुकड्यावर पेन्सिलीने लिहा. आधी झरझर उतरेल, मग हळू. लागोपाठ चार आठवडे वजन तेच राहिलं की तुमच्या हवेपुरतं लाकूड वाळलं. जुलै-ऑगस्टमध्ये ते परत थोडं वाढलेलं दिसेल. दाराच्या किंवा खणाच्या फळ्या त्या दिवसांत मापात बसवू नका, दसऱ्यानंतर परत वजन करा आणि मग रंधा लावा.